दहा जादा वेढे

मास्तरांनी मला सांगितलेलं पहिलं काम म्हणजे शिंप्याकडे जाणं.

पाथर्डीच्या प्रशिक्षण केंद्रात मी रुजू झाले त्या सकाळी ते एका जळक्या मोटरीत नाक खुपसून वास घेत होते. मी नाव सांगितलं, कोणत्या पदावर आले ते सांगितलं, नेमणुकीचं पत्र पुढे केलं. त्यांनी पत्र घेतलं नाही. माझ्या कुर्त्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "खिसं न्हाईत."

मी पत्र परत पर्समध्ये ठेवलं. अनोळखी माणसाला उलट विचारणं मला जमत नाही.

"दोन खिसं लावून घ्या. मनगटापातूर हात आत गेला पाह्यजे. मग या."

मी नगरच्या सावेडीत वाढलेली, इंग्रजी माध्यमातली. विशेष शिक्षणाची पदवी घेतली होती. मुलांच्या गरजा कशा ओळखाव्यात, पाठ कसे आखावेत, नोंदी कशा ठेवाव्यात, सगळं त्यात होतं. खिशांबद्दल कुठेच काही नव्हतं. तरी मी तीन कुर्त्यांना खिसे लावून घेतले आणि तिसऱ्या दिवशी परत गेले. मास्तरांनी खिसे पाहिले, मान हलवली आणि तेव्हा कुठे खुलासा केला.

"पोरगं अडलं की आपला हात आपसूक फुडं जातो. त्याला जायाला दुसरी जागा पाह्यजे."

त्या शेडमधला मोठा नियम हाच. शिकणाऱ्याने स्वतः मागितल्याशिवाय मदत करायची नाही आणि तोवर आपले दोन्ही हात खिशात. नियम सगळ्यांना लागू होता. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एका मुलीच्या हातातला पाना सरळ करून द्यायला हात पुढे केला. मास्तर शांतपणे म्हणाले, "सायेब, खिशात." उरलेली सगळी तपासणी त्या साहेबांनी पँटच्या खिशात हात घालून केली. सही करायच्या वेळी त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी मान हलवल्यावरच पेन काढलं.

केंद्र म्हणजे एका शाळेच्या आवारातली पत्र्याची लांब शेड. तिथे मोटर भरायला शिकवत. पाण्याची मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून टाकायची, नव्या तारेचे वेढे घालून कॉइल करायच्या आणि त्या मोटरीतल्या खाचांत बसवायच्या, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. तुकडीतले निम्मे दहावीनंतर शाळा सुटलेले. बाकीचे विशेष आधाराची गरज असलेले, निदान कागदावर तशी नोंद असलेले. कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाचा एक हात चालत नव्हता, कुणाला अक्षरं-आकडे लागत नव्हते. सगळे एकाच टेबलाशी बसत. विशेष मुलांसाठी वेगळं टेबल मांडावं असं वरून पत्र आलं होतं, ते मास्तरांनी मोटरीखाली टेकू म्हणून वापरलं होतं.

"मोटरीला कळत न्हाई तिला कुनी भरली," असं ते म्हणत. दिवसातून दोनदा तरी म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फलकावर लिहून लावावंसं वाटलं. महिनाभरात इतक्यांदा ऐकलं की ते तोंड उघडताच मुलं ओठ हलवून सोबत म्हणायची.

मास्तर आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरचे. तिथे त्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. केंद्राने त्यांना दोन दिवस प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं होतं, ते दुकान भावाच्या हाती देऊन इथेच राहिले, शेडमागच्या खोलीत. का राहिलात असं कुणी विचारलं तर म्हणत, "दुकानात मोटारी येत्यात. हितं मिस्त्री येत्यात." शनिवारी दुपारी बेलापूरच्या गाडीला बसताना पिशवीत त्या आठवड्यातली सगळ्यात चांगली कॉइल असे. घरी कारभारणीला दाखवायची म्हणून. तिने नावं ठेवली तर सोमवारी ती कॉइल सगळ्यांसमोर सोडवली जाई. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण आमच्या सगळ्यात कडक परीक्षक त्याच होत्या.

चहा ते थंड करून पीत, वर साय धरेपर्यंत. गरम चहा माणसाला घाई करायला लावतो, असं त्यांचं म्हणणं. आणि शेडमध्ये कुणी 'बिचारा' किंवा 'बिचारी' म्हटलं तर त्याने झाडू मारायचा. पहिल्या महिन्यात मी चारदा मारला. देणगी द्यायला आलेल्या एका बाईंनी तीन वाक्यांत पाचदा तो शब्द वापरला तेव्हा मास्तरांनी मुकाट्याने झाडू त्यांच्यापुढे धरला. बाईंना वाटलं फोटो काढायचा आहे. त्यांनी झाडू हातात घेऊन, हसून फोटो काढून घेतला. तो फोटो पुढे बरेच दिवस केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता.

माझ्या वाट्याला मुख्यतः कागद होते. प्रत्येक मुलामागे एक फॉर्म, त्यात 'अपंगत्वाचा प्रकार' असा रकाना. पहिला फॉर्म मी मास्तरांकडे सहीला दिला तर त्यांनी सही केली आणि तो रकानाही स्वतःच भरला. इरफान जन्मापासून बहिरा. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'तळवा तेज.' ते खरंच होतं. मोटरीचं बेअरिंग गेलंय हे मास्तरांना आवाजावरून कळे, इरफानला नुसता हात ठेवून, आणि बहुधा मास्तरांच्या आधी. वैशालीच्या फॉर्मवर 'बौद्धिक अक्षमता' हे शब्द खोडून त्यांनी लिहिलं, 'हात थंड. घाई नाही.' कार्यालयाने सगळे फॉर्म आक्षेप घेऊन परत पाठवले. मी ते पुन्हा, हवे तसे भरून दिले. मास्तरांच्या अक्षरातले पहिले फॉर्म माझ्याकडेच आहेत.

आता त्या वैशालीबद्दल.

ती एकोणीस वर्षांची, पाथर्डीजवळच्याच एका वाडीतली. तिला दहापर्यंत मोजता यायचं. त्यापुढे गेलं की आकडे एकमेकांत मिसळायचे. कॉइल करताना मात्र पन्नास वेढे मोजावे लागत. वेढे घालायच्या हातमशीनला खरं तर आकडे दाखवणारं मीटर असतं. मास्तरांनी ते आधीच काढून टाकलं होतं, पोरं मीटरकडे बघतात आणि तारेकडे बघत नाहीत म्हणून. त्याऐवजी दोन वाट्या आणि चिंचोक्यांचा डबा. डब्यातून पाच चिंचोके उजव्या वाटीत घ्यायचे. दहा वेढे झाले की एक चिंचोका डाव्या वाटीत. पाचही तिकडे गेले की कॉइल झाली. ही रीत सगळ्यांना होती, दहावी झालेल्यांनाही. त्यामुळे वैशालीसाठी वेगळं काही केलंय असं कुणाला वाटलं नाही, तिला तर नाहीच.

ती ओठ मिटून काम करायची. कॉइल उतरवली की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबायची, मग खिळ्याला टांगायची. ते दाबणं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की टोळीचा ट्रक, मग सहा महिने कारखान्याच्या फडावर. वैशालीलाही दर वर्षी नेत. कोयता तिच्या हाती द्यायला आई घाबरायची, म्हणून दिवसभर तिला कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी, बसवून ठेवत. जूनमध्ये तुकडी सुरू झाली, ऑक्टोबर उजाडला, आणि तिचे वडील केंद्रात आले.

"परवा ट्रक हाय," ते म्हणाले. "पोरीला न्याया आलोय."

मास्तर म्हणाले, "ती काम शिकलीय."

"व्हय, पर लागलंय का काम? माझी भन ऱ्हाती हितं पाथर्डीत. काम लागलं आसंल तर भनीकडं ठिवतो. नुसतं बसवून ठेवाया तिलाबी जड जातं. मग आमच्यासंग काय वाईट?"

ते चुकीचं बोलत नव्हते. मास्तरांनी त्याच दुपारी गावातल्या एका मोटर भरणाऱ्या दुकानदाराला गाठलं. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठ मास्तरांना मानायचा, पण धंदा जाणायचा. त्याने अट घातली. उद्या एक तीन एचपीची मोटर, बारा कॉइल, पोरीने एकटीने भरायच्या, त्याच्यासमोर. मास्तरांनी बोलायचं नाही, तिकडे बघायचंही नाही. जमलं तर ती परवापासून दुकानात.

दुसऱ्या दिवशी नगरहून निघालेली माझी एसटी करंजीच्या घाटात बंद पडली. पोचले तेव्हा तासभर उशीर झाला होता. मास्तर लिंबाखाली शेडकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या शेजारी वैशालीचे वडील उकिडवे. बाकीच्या मुलांना मास्तरांनी शाळेच्या इमारतीत पाठवून दिलं होतं. मी कुणाशी न बोलता आत गेले.

खिळ्याला पाच कॉइल टांगलेल्या होत्या. वैशाली सहावी करत होती. शेठ खुर्चीवर बसून बघत होता. मी भिंतीशी उभी राहिले. हात खिशात. थोड्या वेळाने शेठचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेला. वैशालीने मशीन थांबवलं, मूठ वळली आणि उठून बाहेर गेली. पाणी प्यायला गेली असेल, असं मला वाटलं.

मी वाट्यांकडे पाहिलं. उजवी रिकामी. डावीत चार चिंचोके.

चार म्हणजे चाळीस वेढे. घाबरून तिने डब्यातून पाचाऐवजी चारच घेतले असणार. एक कॉइल कमी वेढ्यांची गेली तर मोटर तापणार, शेठ मान हलवणार, आणि उद्या ट्रक. हे सगळं माझ्या डोक्यात दोन श्वासांत येऊन गेलं. मी खिशातून हात काढले. मशीनचा दांडा धरला, मनातल्या मनात इंग्रजीत दहापर्यंत मोजून दहा वेढे घातले, डब्यातला एक चिंचोका डाव्या वाटीत टाकला आणि परत भिंतीशी येऊन उभी राहिले.

वैशाली आली. वाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने कॉइल बांधली, उतरवली आणि चिमटीत दाबली. पुन्हा दाबली. खिळ्यावरची एक काढून तीही दाबून पाहिली.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली.

"तुझीच आहे," मी म्हणाले. "टांग."

"माझी न्हाई." आणि तिने ती खाली फरशीवर ठेवली.

तेवढ्यात शेठ परत आला. "काय झालं गं?"

"ही माझी न्हाई."

"मग काय भुताची हाय?" शेठने कॉइल उचलली, तराजूवर टाकली, मग खिळ्यावरची एक टाकली. फरशीवरची जड भरली. त्याने दारातून हाक मारली, "मास्तर, या आता. बघा तुमचीच रीत."

मास्तर आले, मागून वडील. मास्तरांनी मूठ उघडली. त्यांच्या तळव्यावर सहा चिंचोके होते. तेव्हा मला कळलं. सकाळी, मी यायच्या आधी, त्यांनी वैशालीला सांगितलं होतं की प्रत्येक कॉइल झाली की पाचवा चिंचोका त्यांना आणून द्यायचा. पाठ करून बसल्या जागी हिशोब राहावा म्हणून. पाचवा चिंचोका तिच्या मुठीत होता. तिचे पन्नास पुरे होते.

"तुमच्याकडं ह्या कॉइलचा एक, वाटीत पाच," शेठ म्हणाला. "सा झालं. म्हंजी साठ वेढे. मास्तर, पोरगी गुनाची हाय, पर मोजता येत न्हाई. गिऱ्हाइकाच्या मोटरीवर मी हे कसं करू?"

मास्तरांनी मूठ पुन्हा मिटली. तिच्या वतीने बोलायचं नाही अशी अट होती आणि ते ती पाळत होते. वडिलांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "चल वैशे," ते हळूच म्हणाले. रागावले नव्हते. मला वाटतं त्यांनाही थोडी आशा लागली होती आणि ती आता घडी घालून ठेवत होते. वैशाली जागची हलली नाही. ती त्या कॉइलकडे बघत होती.

चार माणसांत तोंड उघडायचं मी टाळतेच. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. तिथेही मी गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं.

"दहा वेढे मी घातले," मी म्हणाले. "ती बाहेर गेली होती तेव्हा. तिचे बरोबर होते."

सगळे माझ्याकडे वळले. मास्तरांनी विचारलं, "किती?"

"दहा."

"मोजून?"

"मोजून."

"चला. म्हंजी मॅडमलाबी येतंय मोजायला."

शेठ हसला, पण त्याला पटलं नव्हतं. "मॅडम, तुमचं मन मोठं हाय. तुमाला पोरीची दया आली म्हनून तुमी आंगावर घेताय. मला समजतंय."

त्याहून लाज वाटावी असं मला आजवर कुणी काही बोललेलं नाही. खरं सांगूनही ते माझ्या दयेच्या खात्यात गेलं होतं, आणि वैशाली तिथेच उभी होती, न मोजता येणारी म्हणून. मी परत काही म्हणणार एवढ्यात मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले. मीही हात खिशात घातले.

"शेठ," ते म्हणाले, "मॅडमवर इस्वास ठिवू नको. माझ्यावरबी नको. तिला इचार."

शेठने थोडा विचार केला. मग वैशालीच्या वडिलांचा पंचा मागून घेतला आणि तिच्या डोळ्यांवर बांधला. खिळ्यावरच्या पाच आणि फरशीवरची एक अशा सहा कॉइल पुढ्यात घेतल्या आणि एकेक तिच्या हातात देऊ लागला.

"माझी," वैशाली म्हणाली. "माझी. माझी."

चौथी ती जाड होती. तिने दाबली. "न्हाई."

शेठने क्रम बदलला. मुद्दाम एकच चांगली कॉइल लागोपाठ तीनदा दिली. "माझी. माझी. हीबी तीच हाय," ती म्हणाली. जाड आली की, "न्हाई." तिसऱ्या खेपेला शेठ उठला, बाहेर जाऊन स्कूटरच्या डिकीतून एक कॉइल घेऊन आला आणि काही न बोलता तिच्या हातावर ठेवली. तीही तीन एचपीचीच, दिसायला अगदी तशीच.

वैशालीने ती नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबली. "माझी न्हाई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सैल हाय."

शेठने ती परत घेतली, स्वतः दाबून पाहिली, आणि मास्तरांकडे न बघता म्हणाला, "आमच्या मिस्त्रीची हाय."

"मंग त्याला पाठीव हिकडं," मास्तर म्हणाले. "जागा हाय."

उरलेल्या कॉइल वैशालीने दुपारपर्यंत केल्या आणि संध्याकाळपर्यंत बाराही खाचांत बसवल्या. जोडण्या करून मोटर पॅनलला लावली तेव्हा शेठने बटण स्वतः दाबलं नाही, तिला दाबायला लावलं. मोटर एका सुरात फिरली. इरफानला बोलावून आणलं, त्याने तळवा ठेवला आणि अंगठा वर केला. शेठ म्हणाला, "उद्या धा वाजता. उशीर चालायचा न्हाई." एवढंच.

सगळे गेल्यावर मास्तरांनी ती जाड कॉइल माझ्यापुढे ठेवली आणि सोडवायला सांगितलं. साठही वेढे. मी सोडवत होते आणि ते साय धरलेला चहा पीत शेजारी बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मी तिला वेढे शिकवले. ह्ये 'माझी न्हाई' तिचं तिनं आनलं. माझ्या दुकानात मी उभ्या जन्मात चुकीची कॉइल टांगली न्हाई आसं छातीवर हात ठिवून सांगता येनार न्हाई मला." मग चहा संपवून कप पालथा ठेवला. मला वाटलं विषय संपला. पण ते पुन्हा म्हणाले, "आन तुमीबी आज बोलला. ऐकलं मी." मास्तरांकडून मला मिळालेली शाबासकी ती तेवढीच. मी ती अजून जपून ठेवली आहे, हे त्यांना कळलं तर चेष्टा करतील.

आता मास्तर बेलापूरलाच असतात. गुडघ्यांनी दगा दिला. शेड मी सांभाळते. नवीन शिक्षक आला की त्याच्या खिशांकडे माझी नजर आधी जाते.

पण ट्रक निघाला त्या सकाळबद्दल सांगायचं राहिलं. टोळीचा ट्रक साडेदहाला सुटणार होता. मास्तर आणि मी निरोप द्यायला गेलो. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, सरपण, बायका, पोरं आणि एक शेळी. वैशालीची आई वरच्या बाजूला बसून रस्त्याकडे बघत होती.

मास्तरांनी वडिलांना विचारलं, "पोरीची जागा कुनाला दिली?"

"शेळीला," ते म्हणाले. "ती बसतीबी न्हाई गप."

वैशाली आली नव्हती. आईने वरून विचारलं, निदान पाच मिनिटं तरी दुकानातून यायला काय झालं होतं. टोळीचा मुकादम म्हणाला, थांबू हवं तर, बोलवून घ्या. वडिलांनी खिशातून मोबाईल काढला आणि परत ठेवून दिला. सकाळी ते तिला दुकानात सोडून आले होते, तेव्हाच तिच्याशी बोलणं झालं होतं.

"येत न्हाई म्हनली," त्यांनी मुकादमाला सांगितलं. "काम हाय म्हनली."

मग ट्रकच्या मागच्या बाजूला चढताना त्यांनी तेच एका म्हाताऱ्याला सांगितलं. मग फळीवर बसलेल्या दोघा पोरांना, ज्यांनी काही विचारलं नव्हतं. ट्रक सुरू झाला तरी ते उभेच होते, कडीला धरून, शेजारी बसलेल्या कुणाकडे तरी वाकून. इंजिनच्या आवाजात शब्द आमच्यापर्यंत पोचत नव्हते. पण ते काय सांगतायत, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.